दसऱ्याला लावलेला लसूण

लसूण कधी लावायचा, असं मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात लसणातला जाणकार म्हणून माझं नाव झालेलं आहे. याचं मलाच हसू येतं, कारण मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलो आणि माझ्या लहानपणी आमच्या घरची शेती म्हणजे गॅलरीत डब्यात लावलेली तुळस. तरी कोणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, दसरा ते दिवाळी. थंडी पडायला लागल्यावर, पण जमीन गोठून दगड व्हायच्या आधी. लोक मान डोलावतात आणि तरीही एप्रिलमध्येच लावतात, कारण दुकानांत रोपं, कुदळी आणि मातीच्या पिशव्या एप्रिलमध्येच येतात. मी त्यांना हसत नाही. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि तेही मुहूर्त बघून.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पार्सिपनीत आम्ही पहिलं घर घेतलं. घर साधंच होतं, पण मागे लॉन होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या मालकीची जमीन मला मिळाली होती आणि तिच्यावर हिरवंगार गवत होतं, त्यामुळे मी त्या गवताच्या प्रेमात पडलो. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरशी भांडून घरी आलो की बूट काढून त्यावर अनवाणी फिरायचो. शनिवारी सकाळी मशीन ढकलत ते कापायचो आणि कापून झाल्यावर मागे हात बांधून त्याच्याकडे बघत उभा राहायचो. बायको म्हणायची, "तू माझ्याकडे इतकं कधी बघितलं नाहीस." तिचं खरं होतं, पण तिला दर आठवड्याला कापावं लागत नव्हतं.

घर घेतल्यानंतर दोन वर्षांनी, मार्चअखेरीला सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. बायको त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकला सासूबाई त्यांच्या दिरांच्या घरी मागच्या खोलीत राहत होत्या आणि त्या घराचा सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक करत होत्या. कोणी त्यांना वाईट वागवत नव्हतं, पण तुम्ही बसा, आम्ही करतो, असंही कोणी म्हणत नव्हतं. बायको नुकतीच इथली सिटिझन झाली होती. आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा आणि तिला कायमचं इथे ठेवून घ्यायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त आईने हो म्हणायचं बाकी होतं.

आई हो म्हणत नव्हती. आईचं एकच वाक्य होतं, "लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं नाही मला. चार दिवस आले, बघितलं, झालं."

लेकीच्या घरी आईने कसं वागायचं याचे त्यांचे काही नियम होते. जावई घरात आला की डोक्यावरून नाही तरी दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायचा. सोफ्यावर बसायचं नाही. एका पोळीच्या वर दुसरी घ्यायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे जावयाशी थेट बोलायचं नाही. मी टेबलाशी बसलेलो असायचो, त्या हातभर अंतरावर पोळ्या लाटत असायच्या आणि मुलीला म्हणायच्या, "त्यांना विचार, भात वाढू का?" मुलगी वरच्या मजल्यावर असली तरी विचारायच्या. मीही काही कमी नव्हतो. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी म्हणायचो, "त्यांना सांग, थोडासाच." भात बरोबर थोडासाच यायचा.

बायको मात्र वैतागायची. "आई, तू गेस्ट नाहीयेस इथे. जरा रिलॅक्स हो ना, यार!"

"अगं, यार काय म्हणतेस आईला!" सासूबाई म्हणायच्या आणि सिंकमधली भांडी घासायला घ्यायच्या. भांडी धुवायचं मशीन शेजारीच होतं. त्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

मला एकदा बायकोने सांगितलं की रात्री झोपताना आई तिच्याजवळ एकाच गोष्टीची खंत करते. आमचं लग्न घाईत झालं आणि लगेच मी विमानात बसलो. त्यामुळे पहिल्या दिवाळीला जावयाला घरी बोलावून ताट वाढायचं, त्याला काही हवं-नको विचारायचं, ते सगळं राहून गेलं. "जावयाचा दिवाळसण राहिला गं," असं त्या म्हणत. मी म्हटलं, "दिवाळसण काय! मी त्या दिवाळीला स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना तीन मुलांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये डबाबंद राजमा खात होतो." आणि विषय विसरून गेलो.

लसणाचं सुरू झालं ते सुपरमार्केटमुळे. तिथे लसूण मिळायचा तो पुठ्ठ्याच्या इवल्याशा खोक्यात, वर सेलोफेन आणि आत दोन गड्डे. सासूबाईंनी ते खोकं हातात धरून उलटंपालटं केलं आणि मुलीला विचारलं, "हे काय औषध आहे?" आमटीला फोडणी दिली तर त्या लसणाला वासच नाही. दोन दिवस त्यांनी तशाच लसणाची फोडणी दिली. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, मागे मला एका वाफ्यापुरती जागा द्या. लसूण तरी माझ्या हातचा खाईन."

बायकोने माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांनी आमच्या घरात मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मला मात्र पहिल्यांदा माझं गवत आठवलं. मी म्हटलं, "कुंडीत नाही का येत?" बायकोने डोळे असे वटारले की मी गॅरेजमध्ये जाऊन कुदळ आणली.

पण आता लावायचा का, हा प्रश्न होता. सासूबाईंच्या माहेरी परसात भाजीपाला असायचा, त्यामुळे त्यांना एवढं माहीत होतं की लसूण थंडीत लावतात. "आपल्याकडे दिवाळीनंतर लावतो," त्या मुलीला म्हणाल्या, "पण इथे ही काय थंडी नाही?" एप्रिल उजाडला होता आणि त्या नऊवारीवर माझा जाड स्वेटर घालून बसल्या होत्या. मी इंजिनियर. मी कागद घेतला, फॅरनहाइटमधून बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं आणि पार्सिपनीचा एप्रिल म्हणजे नाशिकचा डिसेंबर हे सिद्ध करून दिलं. त्यात गुढीपाडवा तोंडावर आलेला. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त. एकीकडे पंचांग, दुसरीकडे गणित. आता कोण चुकणार होतं!

पाडव्याला आम्ही मागच्या दारच्या लाकडी डेकवर पडद्याच्या रॉडची गुढी उभारली आणि मग मी लॉनचा एक चौकोन उकरला. न्यू जर्सीच्या जमिनीत माती कमी आणि दगड जास्त असतात, हे मला तेव्हा कळलं. हाताला फोड आले. सासूबाईंनी पाकळ्या सुट्या केल्या, शेंडा वर ठेवून एकेक मातीत दाबली आणि वरून हात फिरवला. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या नऊवारीला चिखल लागला होता आणि त्या चक्क गुणगुणत होत्या.

लसूण उगवला. हिरवी पात वर आली, चांगली वीतभर झाली. बाजूला बायकोने लावलेली मेथी आणि कोथिंबीर ग्राउंडहॉग नावाच्या घुशीसारख्या एका लठ्ठ प्राण्याने सफाचट केली, पण लसणाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. जूनमध्ये एकदा सासूबाईंनी थोडी पात कापून आणली, तिच्यात हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालून चटणी वाटली आणि ज्वारीचं पीठ नव्हतं म्हणून मक्याच्या भाकऱ्या केल्या. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, जमतंय. ही बाई राहणार.

मग जुलै आला. आषाढातली कांदेनवमी झाली. त्या दिवशी घरातला कांदा-लसूण खाऊन संपवायचा आणि मग चार महिने चातुर्मासात तो खायचा नाही, हा सासूबाईंचा नेम. त्यांचा लसूण तोवर तयार नव्हता. तो तयार झाला जुलैच्या शेवटी, म्हणजे त्यांना स्वतःला तो खायचाच नव्हता. तरी त्या सकाळी उत्साहाने परात घेऊन मागे गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी पहिलं रोप उपटलं, माती झटकली आणि थांबल्या. मग दुसरं उपटलं. मग भराभर सगळाच वाफा उपटला आणि गवतावर तशाच बसून राहिल्या.

मी बाहेर गेलो. परातीत गोट्या होत्या. पांढऱ्या, गुळगुळीत, खेळायच्या गोट्यांएवढ्या. एकाही गड्ड्याला पाकळी नव्हती. सबंध एकच गोळा.

बायको धावत आली. "अय्या आई, हा तर एककळीचा लसूण! नाशिकला केवढा महाग मिळतो. औषधी असतो ना?"

"हो, औषधी," सासूबाई म्हणाल्या. "एखादा निघाला तर औषधी. सगळाच्या सगळा तसा निघाला तर त्याला औषध नाही म्हणत."

संध्याकाळी पोळ्या लाटताना त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, माझं तिकीट बघा. एवढी जमीन उकरून दिली बिचाऱ्यांनी. इथे माझ्या हातून काही व्हायचं नाही. उगाच भार." हे त्या चिडून बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या अगदी शांतपणे बोलल्या.

बायको बेसमेंटमध्ये कपडे धुवायच्या मशीनसमोर बसून रडली. मला राग आला. सासूबाईंचा नाही, बायकोचाही नाही, त्या लसणाचा. एवढीशी गोष्ट, पाकळ्या पाडायच्या, तेवढी त्याला जमली नव्हती. त्यातला एक गोळा मुठीत घेऊन मी तडक शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेलो. तो इटालियन घरातला, रिटायर झालेला, दिवसभर टोमॅटोच्या वाफ्यांत वाकलेला असायचा. माझ्या मेपलची पानं त्याच्या अंगणात पडतात यावरून तो दर वर्षी माझ्याशी कुरकुर करायचा, त्यामुळे आमचं फारसं बोलणं नव्हतं. मी मूठ उघडली. त्याने बघितलं आणि तो हसत सुटला.

"कधी लावलास? एप्रिलमध्ये?"

मी म्हटलं, हो. गणिताचं सांगितलं नाही.

"लसणाला हिवाळा लागतो, माय फ्रेंड. बर्फाखाली झोपला नाही तर पाकळ्या पडत नाहीत. कोलंबस डेच्या सुमाराला लावायचा. आणि हे फेकू नकोस. हेच गोळे ऑक्टोबरमध्ये परत जमिनीत घाल, वर तुझी ती मेपलची पानं घाल, माझ्याकडे टाकण्यापेक्षा. पुढच्या जुलैत बघ."

मी घरी आलो तेव्हा सासूबाई एकट्याच स्वयंपाकघरात होत्या. रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलायला मला त्या दिवशी जमलं नाही. मी त्यांच्या समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "आई, तुमचं काही चुकलं नाही. मुहूर्त चुकला. हा ऑक्टोबरमध्ये लावायचा असतो. एक हिवाळा जमिनीत काढला की त्याला पाकळ्या पडतात."

त्यांनी पदर सावरला. पण या वेळी मुलीला हाक मारली नाही. "मग लावा तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मला नाही येत. मी गवतवाला माणूस."

"आणि निघतो कधी?"

"पुढच्या जुलैत."

त्यांनी तव्यावरची शेवटची पोळी उतरवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तोवर मी इथे राहायचं?"

"मी लसणाबद्दल बोलतोय," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. पण हो काही म्हणाल्या नाहीत. बायकोने गयावया केल्यावर दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाल्या. व्हिसाची मुदत तेवढी वाढवून घेतली आणि भाऊबीजेनंतरचं तिकीट काढलं. ते गोळे त्यांनी बायकोच्या जुन्या स्टॉकिंगमध्ये भरून गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवले. "दसऱ्याला लावून जाते," त्यांनी सांगितलं. "पुढचं तुमचं तुम्ही बघा."

दसरा आला तेव्हा मेपल लालभडक झाले होते. सकाळी आम्ही गाडीची पूजा केली आणि मग त्यांनी लसूण लावला. पाडवा काय, दसरा काय, दोन्ही साडेतीन मुहूर्तांतलेच, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पंचांगाने दोन दारं उघडी ठेवली होती आणि आम्ही चुकीच्या दारातून शिरलो होतो. मी रेक घेऊन पानं गोळा केली आणि वाफ्यावर पसरली. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याने अंगठा वर केला. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. तो गोंधळला आणि त्यानेही हात जोडले.

दिवाळी जवळ आली तशा त्या बॅग भरायला लागल्या. बायकोने त्यांना विटॅमिनच्या बाटल्या दिल्या, दिरांच्या नातवंडांसाठी चॉकलेटं दिली. माझ्याशी मात्र ती बोलेना, जणू तिकीट मीच छापलं होतं. "तू काहीतरी कर ना," एवढं एकदा म्हणाली. मी काय करणार? मी वाद घालण्यात पटाईत आहे, पण सासूबाईंचा मुद्दा वादाचा नव्हताच. त्यांच्या मनात रीत होती, आणि रीतीपुढे माझं गणित काय चालणार? हे मनात घोळत असतानाच मला एकदम सुचलं की रीतीला रीतच उत्तर देईल. आणि जावयाच्या रीतीत एक फार जुनं हत्यार होतं, जे मी कधी वापरलंच नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला बायकोने मला ओवाळलं. मग पानं वाढली. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. सासूबाई वाढत होत्या. मी पाटावर नाही, खुर्चीवरच, पण हाताची घडी घालून बसलो आणि पानाला हात लावला नाही.

सासूबाई जुन्या सवयीवर गेल्या. "त्यांना विचार गं, काय झालं?"

"तिला सांग," मी म्हटलं, "मी रुसलोय."

बायको म्हणाली, "व्हॉट?"

"रुसलोय. माझा दिवाळसण राहिलाय. जावई दिवाळीला रुसला तर त्याला हवं ते दिल्याशिवाय सासू त्याला पानावरून उठू देत नाही. माझ्या थोरल्या भावाने स्कूटर घेतली होती. मी तर घड्याळसुद्धा मागितलं नव्हतं."

सासूबाईंच्या हातात श्रीखंडाचं भांडं होतं. ते तसंच धरून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. चेहरा कावराबावरा झाला. नाशिकची मागची खोली आणि थोडीशी पेन्शन, एवढ्यावर हा काय मागतोय, असं त्यांना वाटलं असणार. मला त्यांची दया आली, पण मी हाताची घडी सोडली नाही.

"काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मला. थेट.

"तो लसूण तुम्ही लावलाय. तुम्हीच काढायचा. जुलैत. मला तुमच्या हातचा, पाकळ्या असलेला लसूण हवाय. दुसरं काही नको."

बायकोने तोंडावर हात धरला. सासूबाईंनी भांडं टेबलावर ठेवलं. त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर त्या खुर्चीवर बसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांना माझा डाव कळला होता, आणि तो कळूनही त्यांना त्यातून सुटता येत नव्हतं. लेकीच्या घरी राहायचं नाही ही रीत, आणि जावयाने मागितलेलं नाकारायचं नाही हीसुद्धा रीतच.

"जुलैपर्यंत," शेवटी त्या म्हणाल्या. "लसूण काढला की जाईन. आता जेवा. पुऱ्या निवल्या."

मी जेवलो. इतकं जेवलो की दुपारी गवतावर आडवा झालो. बायकोने तिकीट कॅन्सल केलं आणि व्हिसाची मुदत पुन्हा वाढवून घेतली.

तो हिवाळा आमच्या घरातला पहिला खरा हिवाळा, असं मला आजही वाटतं. त्याआधीचे हिवाळे आम्ही नुसते सोसले होते. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "आपला लसूण मेला का हो?" मी म्हटलं, झोपलाय. मग रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीशी उभ्या राहायच्या आणि त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघायच्या. मला ऑफिसला उशीर होत असला तरी मी दोन मिनिटं शेजारी उभा राहायचो. आम्ही काय बोलायचो? काही नाही, बर्फ किती पडला, गाडी निघेल का, शेजारच्या म्हाताऱ्याच्या चिमणीतून धूर निघतोय का. जानेवारीत त्यांनी सोफ्यावर बसायला सुरुवात केली, कारण हीटर त्याच्या शेजारी होता. फेब्रुवारीत एकदा मी बर्फ ढकलून आत आलो तर त्या ओरडल्या, "टोपी कुठंय? कान लाल झालेत नुसते!" मी आनंदाने बोलणी खाल्ली. डोंबिवली सुटल्यापासून मला असं कोणी ओरडलं नव्हतं.

मार्चमध्ये गवत अजून पिवळं पडलेलं असताना मेपलची कुजकी पानं बाजूला सारून लसणाचे हिरवे शेंडे वर आले. सासूबाईंनी मला हाक मारून दाखवले. ती पात मागच्या वर्षीसारखी बारीक नव्हती. बोटाएवढी जाड होती.

आणि जुलै जवळ यायला लागला तसा मी अस्वस्थ झालो. पाती खालून पिवळ्या पडायला लागल्या तसा मी रोज वाकून हिरव्या किती उरल्या ते मोजायचो. लसूण काढला की जाईन, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि सासूबाई दिलेला शब्द पाळणाऱ्यांपैकी. मी दोनदा सुचवून बघितलं की अजून थोडे दिवस राहू द्यावा का जमिनीत. "कुजवायचाय का?" त्यांनी विचारलं.

कांदेनवमीच्या सकाळी त्यांनी परात घेतली. बायको आणि मी मागोमाग. त्यांनी पहिलं रोप धरलं, खालून खुरप्याने माती सैल केली आणि उपटलं. गड्डा निघाला. खरा गड्डा, जांभळट पांढरा, मूठभर, वरूनच पाकळ्यांचे उंचवटे दिसणारा. त्यांनी तो तिथेच फोडला. पाकळ्या हातात सुट्या झाल्या आणि असा वास सुटला की कुंपणापलीकडे म्हाताऱ्याने मान वर केली. बायको रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लसणाच्या वासाने आलं असं मी सांगितलं.

वाफा रिकामा झाला. सासूबाई गवतावर मांडी घालून बसल्या आणि गड्डे निवडायला लागल्या. बारके एकीकडे, म्हणाल्या, हे आजच्या भजीला आणि चटणीला, आज आपणही खाऊ, परवा एकादशीपासून चातुर्मास. मधले दुसरीकडे, घरात वापरायला. दोन म्हाताऱ्याला द्यायला. आणि सर्वांत मोठे, सर्वांत सुरेख गड्डे वेचून त्यांनी पदरात घेतले.

माझ्या लक्षात आलं. सगळ्यात चांगले ते नाशिकला. दिरांच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी लसूण काढला होता, माझा दिवाळसण फिटला होता, आणि आता माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. बायकोकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

"हे बॅगेत ठेवायचे का, आई?" मी विचारलं. "कस्टम्सवाले धरतील कदाचित."

"बॅगेत?" त्या म्हणाल्या. "बॅगेत कशाला? दसऱ्याला लावायला बियाणं नको का? मोठे गड्डे ठेवावे लागतात, बारक्यांचा लसूण बारकाच येतो."

त्यांनी पदरातले गड्डे परातीत ठेवले, कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्या उरलेल्या लॉनकडे, त्या मी जिवापाड जपलेल्या गवताकडे, नीट निरखून बघितलं.

"आणि हे बघा," त्या मला म्हणाल्या, "एवढ्याशा वाफ्यात आपलं भागायचं नाही. तिथपर्यंतचं गवत काढून टाका."

बायकोने डोळे पुसले आणि ग्रीन कार्डाचे कागद काढायला ती आत पळाली. मी भर उन्हात गॅरेजमध्ये कुदळ शोधायला गेलो.